पंचवीस ताटं आणि एक

१ जुलै १९६५, गुरुवार

ही डायरी नारायणराव गुरुजींनी दिली. विम्याच्या हापिसातली आहे, वर सोनेरी अक्षरं. अर्धं साल उलटल्यावर दिली, म्हणजे फुकट चाललेलीच वस्तू, पण मी घेतली. गुरुजी आमच्या खानावळीतले पहिले जेवणारे. म्हणाले, "चांगुणाबाई, दुसरी पास आहात ना? मग रोज चार ओळी लिहीत जा. अक्षर वळेल. आणि खरं तेच लिहा."

मी म्हटलं, "खोटं लिहायले टाइम कोणाले हाये, गुरुजी?"

तर खरं असं की मी लई खूश आहे. देऊळघाटहून आम्ही तिघं बुलढाण्यात आलो, मी, सुभद्राचा बाप आणि सुभद्रा. स्टँडच्या मागं दोन खोल्या, पडवी, अंगणात विहीर. गावात लोक हसले. म्हणे बाईमाणूस खानावळ चालवणार. हसा म्हटलं. जिल्हा परिषदेत नवे कारकून भरलेत, कोणी मेहकरचा, कोणी जळगाव जामोदचा, बायका गावाकडं, आणि इथं चहा-भज्यावर दिवस काढतात. महिन्याभरात मी पाच माणसं धरली. पाच! सुभद्राचा बाप म्हणतो, हळू घे. हळू घ्यायला मी काय बैलगाडी आहे?

सुभद्रा सतरा वर्षांची. भाकर अशी थापते की कडेला चीर नाही. ती आहे म्हणून खानावळ आहे. हे मी तिला सांगत नाही, डोक्यावर बसेल.

४ जुलै, रविवार

चिखलीकडचे पाहुणे सुभद्राला पाहून गेले. एकादशीच्या आत पाहून घेतो म्हणाले. मुलगा तलाठी. मुलाची आई गीताबाई, बोलायला फटाकडी. सुभद्राला वरून खाली पाहून म्हणाली, "पोरगी खात्यापित्या घरची दिसून राह्यली! खानावळीतलं समदं हिच्याच अंगाले लागलं काय व बाई?"

सगळे हसले. मी काय कमी आहे? मी म्हटलं, "हाव, उरलंसुरलं तीच संपवते! तिच्यापायी मले गाय बांधायची गरज नाही."

मग तर हसून हसून पोट दुखलं. तलाठीसुद्धा हसला. पाहायच्या दिवशी हशा पिकला की सोयरीक जमते असं माझी आई म्हणायची. सुभद्रा पोह्याच्या बशा घेऊन उभी होती. तीही हसली. बशा ठेवून आत गेली.

रात्री जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. लाजली असेल.

११ जुलै

गीताबाईचा निरोप. घाई नाही, तुळशीचं लग्न होऊ द्या, मग पाहू. म्हणजे नाही म्हटलं नाही. बरंच झालं, आता पोरगी गेली तर भाकरी कोण थापेल? आठ माणसं झाली!

२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. महादेवाच्या देवळात गेले आणि पिंडीसमोर तोंडातून निघूनच गेलं: "महादेवा, माझ्याकडं पंचवीस ताटं लागू दे, माझी सुभद्रा सोळा सोमवार करील."

मला स्वतःला उपास जमत नाही. उपाशीपोटी मी माणसं मारीन. सुभद्रा गरीब स्वभावाची, म्हणून तिच्या नावानं बोलले. घरी येताना वाटलं, पोरगी तोंड वाकडं करेल. पण ती तर खुलली! म्हणाली, "करतो ना माय. दिवसभर कायच नाही खाल्लं तं चालते ना?"

"संध्याकाळी सोडा लागते."

"अन् नाही सोडला तं?"

"तं देव जास्तच पावल," मी थट्टेनं म्हटलं, "पण तुले काऊन पायजे येवढं?"

ती ऐकायला थांबलीच नाही. कळशी घेऊन विहिरीवर गेली.

३१ ऑगस्ट

अकरा ताटं. अॅल्युमिनियमची नवी ताटं आणली, वाजतात अशी की स्टँडवर ऐकू जातात.

सुभद्राचं काय सांगू! पहाटे चारला उठते. मी उठेपर्यंत अंगण झाडून, पंचवीस कळशा पाणी भरलेलं. कशाला एवढं म्हटलं तर म्हणते, बसवत नाही. आता गुरुवार आणि शनिवारही धरते. शेजारीण म्हणाली, तुमच्या घरात देवी जन्मली. आपण काय बोलणार, आपलीच पोरगी.

आणि वाढते तर अशी! शेषराव म्हणून एक कारकून आहे, जेवतो भरपूर आणि बोलतो त्याहून जास्त. तो काल ओरडला, "चांगुणाबाई, तुमची पोरगी वाढून राह्यली का दरोडा घालून राह्यली? तिसरी भाकर ताटात पडली, मले दिसलीच नाही!" सुभद्रा त्याच्या ताटाकडं पाहत उभी राहते, घास तोंडात जाईपर्यंत. लोकांना पोटभर खाऊ घालायची हौस आहे तिला. कोणाच्या गावाला पातोडी कशी करतात, कोण कळण्याच्या भाकरीत काय घालतं, सगळं विचारते आणि वहीत लिहून ठेवते. माझ्यापेक्षा मोठी खानावळ काढेल एक दिवस.

आमच्या दोघींचं जेवण सगळ्यांची ताटं उठली की. तीन वाजतात. मी चुलीपाशी दोन घास कोंबते, ती भांड्यांपाशी असते. कोणी काय खाल्लं हे पाहत बसलो तर संध्याकाळचा स्वयंपाक कोण करेल?

१८ ऑक्टोबर, सोमवार

देशात धान्य कमी आहे. लढाई झाली, बाहेरून गहू यायची बोंब. पंतप्रधानांनी सांगितलं की सोमवारी रात्री कोणी जेवू नका. शेषरावचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण आपण मागं हटणार नाही. पाटीवर खडूनं लिहिलं, सोमवारी रात्री खानावळ बंद.

शेषरावच्या हापिसातल्या मोठ्या साहेबांनी सभेत सांगितलं म्हणे, की एका खानावळवाल्या बाईची मुलगी श्रावणापासूनच सोमवार पाळते, आठवड्यातले तीन दिवस अन्न वाचवते, तिचा आदर्श घ्या. आपल्या सुभद्राचं नाव सभेत! मी रस्त्यानं चालले तर पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, फुलेल. ती म्हणाली, "म्हंजे आता मले सोडता नाही येणार." आणि हसली. कसं हसली ते लिहिता येत नाही.

२० ऑक्टोबर

आज भांडण झालं, नूरबीशी. नूरबी म्हणजे आमची मनियारीण, दर दिवाळीला देऊळघाटला बांगड्या घेऊन यायची, आता इथं येते. सुभद्राचा हात तिला पाठ. गेल्या दिवाळीला एकेक बांगडी चढवताना दोघी घामाघूम झाल्या होत्या, नूरबीनं साबण लावला होता.

आज हात धरला आणि थांबली. नेहमीच्या मापाची घातली, ती कोपरापर्यंत धावत गेली. एक माप खालची घातली. तीही गेली. मग दोन माप खालची, लहान पोरींची, ती बसली. नूरबी माझ्याकडं पाहते नि म्हणते, "चांगुणाबाई, छोरीचा हात कुठं गेला?"

"काम करते. वाळली जराशी."

"कामानं हात घट्ट होते, असा नाही होत. पोरीले खायले देतं का नाही?"

मला! खानावळवालीला! मी तिची टोपली उचलून दारात ठेवली. ती गेली, पैसे न घेता. सुभद्रा मात्र त्या छोट्या बांगड्या उजेडात धरून पाहत होती, सोन्याच्या असाव्यात तशी.

२६ ऑक्टोबर, भाऊबीज

अनारसे, चकल्या, शंकरपाळे, सगळं सुभद्रानं केलं. कारकून गावाला गेले तर त्यांच्या पिशव्यांत बांधून दिलं. घरात एक तुकडा ठेवला नाही. तिचा बाप म्हणाला, "पोरी, तू चाखलं काय?" म्हणाली, "चाखलं ना."

तो माणूस बोलत नाही, आणि बोलला तर वाईट वेळी. संध्याकाळी मला म्हणाला, "मी दिवसभर पडवीत होतो. तिनं नाही चाखलं."

मी म्हटलं, "उपासाची सवय हाये तिले. तुम्ही बिडी ओढा."

१४ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहिते, कोणी वाचणार नाही म्हणून. सुभद्रा श्रावणापासून बाहेर बसली नाही. आधी दर महिन्याला चार दिवस ती बाजूला बसली की माझी कंबर मोडायची, तिच्या हातचं कोण खाणार? आता चार महिने झाले, एक दिवस खाडा नाही. लग्नाची पोरगी, तेव्हा वंगाळ विचार आधी येतो. मी तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं. तिनं तुळशीवर हात ठेवला. मग मी म्हटलं, महादेवाचीच कृपा. खानावळीची अडचण देवानंच काढली. सतरा ताटं झालीत!

२२ नोव्हेंबर, सोमवार

सोळा सोमवार गेल्या सोमवारी पुरे झाले, आज उद्यापन पाहिजे होतं. पण ताटं सतराच. सुभद्रा म्हणाली, "नवस पंचवीसचा. आजून सोळा करतो." मी म्हटलं, कर. माझ्या मनातलंच बोलली.

मग एक वाईट झालं. तिच्या ताटात अर्धी भाकर होती, मी जाताजाता वरून तुपाची धार सोडली. तिनं ताटच लोटलं. "काऊन टाकलं? तुले कोणी सांगतलं?" ओरडली ती. माझी सुभद्रा, जी कधी शेळीवर ओरडली नाही. मग रडत बसली, भाकरीवरचं तूप पदरानं पुसत. चमचाभर तुपासाठी! मी दोन ठेवून दिल्या. शेर भाव काय झालाय तुपाचा, आणि ही लोटते.

१२ जानेवारी १९६६

डायरी संपली होती. गुरुजी म्हणाले, जानेवारी ते जून कोरीच आहेत, तिथं लिहा. वार एकानं चुकतो, पानावर मंगळवार छापलाय, आज बुधवार आहे. आणि गेल्या सालाच्या आधी हे साल येतं. असू दे.

पंतप्रधान गेले. परदेशात गेले. रेडिओभोवती गर्दी होती, शेषरावसुद्धा रडला. सुभद्रा म्हणाली, आता सोमवार जन्मभर.

थंडी फार आहे. पण सुभद्राला जरा जास्तच. बापाचा जुना कोट घालून चुलीपाशी बसते, तरी बोटं निळी. हातांवर बारीक लव आलीय, नुकत्या जन्मलेल्या पोरावर असते तशी. देवच पांघरूण देतो म्हणायचं.

परवा शेषरावच्या वरणात केस निघाला. लांब. मी सुभद्राला लई बोलले. मग तिची फणी पाहिली, तर मूठभर केस! भांड्याच्या राखेत पण केस. माक्याचं तेल आणलंय.

गुरुजी म्हणतात, तिचं लक्ष लागत नाही. आधी जेवणं झाल्यावर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, आता एकच ओळ दोनदा वाचते. मी म्हटलं, "गुरुजी, लग्नाची गोष्ट निघाली की पोरीचं लक्ष लागतच नाही." गुरुजी म्हणाले, "चांगुणाबाई, ती विहिरीमागं बसून रडत होती." मी विचारलं तर ती म्हणाली, कांदा कापत होते. विहिरीवर कांदा?

२१ फेब्रुवारी

पंचवीस! पंचवीस! पंचवीस!

शिक्षकांचं शिबिर आलं, आठ जण माझ्याकडं लावले. मी आज ताटं मांडून दारात उभी राहून मोजली, दोनदा. पडवी भरली, अंगणात पोतं अंथरलं. महादेवानं ऐकलं. चौदा मार्चला उद्यापन. चिखलीच्या गीताबाईलाही बोलावलं. तिनं उलट निरोप पाठवला, पोरगी बारीक झाली म्हणतात, लई चांगलं झालं, आता फोटो चांगला येईल. म्हणजे जमलंच!

सगळं एकदम होऊन राहिलंय. मला झोप येत नाही आनंदानं. सुभद्रालाही येत नाही, रात्रभर कूस बदलते. हाडं टोचतात म्हणते. गोधडी नवी शिवायला टाकलीय.

१५ मार्च १९६६, मंगळवार

हे दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहितेय. लिहिलं नाही तर मी कोणाचा तरी गळा धरीन.

काल उद्यापन. पाच शेर कणकेचा चुरमा, तूप, गूळ. सुभद्रानंच मळला, सुभद्रानंच कुस्करला. तीन भाग केले: एक देवाला, एक वाटायला, एक घरच्यांनी खायचा. व्रत जिनं केलं तिनं आधी प्रसाद खायचा, मग बाकीच्यांनी. पंचवीस माणसं ताटावर, गीताबाई पाटावर, शेजारणी दाराशी. नूरबीसुद्धा कुंपणापाशी उभी होती. ऑक्टोबरपासून बोलत नव्हती, पण आली होती.

मी सुभद्राच्या हातावर मूठभर चुरमा ठेवला. ती पाहत राहिली.

"खा ना व," गीताबाई म्हणाली, "आमी खोळंबलो ना."

"तोंडात टाक," मी म्हटलं.

तिनं टाकला. चावला नाही. गालात धरून बसली. डोळ्यांतून पाणी. सगळे थांबलेले, ताटावर हात. मी म्हटलं, "गीळ." ती मान हलवत होती. मी मोठ्यानं म्हटलं, "गीळ व! देवाचा हाये!"

ती उठली, मागच्या दारानं पळाली. आम्ही गेलो तर तुळशीपाशी ओकत होती, काही पडत नव्हतं, नुसतीच हिसके देत होती. मग पडली. मी उचलली. मी एकटीनं उचलली, आणि मला काहीच ओझं वाटलं नाही. रोज वरणाचं पातेलं उचलते, ते याहून जड आहे.

कोटाखाली काय होतं ते मी काल पाहिलं. आठ महिने पाहिलं नव्हतं.

गीताबाई म्हणाली, "क्षय हाये पोरीले. लपवून राह्यले होते." आणि चप्पल घालून गेली. चुरमा तसाच राहिला. नूरबीनं टांगा आणला.

१७ मार्च

क्षय नाही. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. मी उड्याच मारणार होते. पण बाई डॉक्टर हसली नाही. तरुण आहे, चष्मा आहे, माझ्यासारखीच सरळ बोलते. तिनं सुभद्राची नाडी धरली आणि घड्याळाकडं इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं घड्याळ बंद पडलं.

बाहेर येऊन म्हणाली, "हिचं हृदय हळू चाललंय. शरीराला बाहेरून अन्न मिळालं नाही की ते स्वतःलाच खातं. आधी चरबी, मग मांस, मग हाडातलं. जे नसलं तरी जगता येतं ते सगळं बंद करून टाकतं. केस, पाळी, ऊब. पाळी कधीपासून नाही?"

मी म्हटलं, थांबा. पिशवीतून डायरी काढली. बुलढाण्याची डॉक्टर आणि मी, दोघी बाकावर, आणि मी वाचून दाखवतेय. १४ नोव्हेंबर: महादेवाचीच कृपा, खानावळीची अडचण देवानंच काढली. मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. बांगड्या. तूप. लव. कळशा. विहिरीवरचा कांदा. सगळं माझ्याच अक्षरात. अक्षर बाकी चांगलं वळलंय.

डॉक्टर म्हणाली, "तुम्ही सगळं पाहिलंत."

"पाह्यलं. दिसलं नाही."

मग मी विचारलं, "पण बाई, हिले भूक लागत नसंल काय?"

"तिलाच विचारा. पण रागवू नका. हे नाटक नाही, देव नाही, बाहेरची बाधाही नाही. हा आजार आहे. पोटाइतकंच डोकंही उपाशी आहे, आणि उपाशी डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतं. तिला अन्नाची भीती बसलीय."

अन्नाची भीती! आमच्या सात पिढ्यांनी अन्न नाही याची भीती धरली. अन्नाचीच भीती कोणाला असते? पण मी तुळशीपाशी पाहिलंय. साप पाहिल्यावर माणूस असाच ओकतो.

१९ मार्च

विचारलं. पेजेची वाटी हातात धरून तासभर बसली होती. मी म्हटलं, "सुभद्रे, भूक लागते काय व?"

वाटीकडं पाहत म्हणाली, "लागते माय. रोज लागते. सपनात पण भाकरीच थापतो. पण खाल्लं की वाटते, कोणीतरी मागं उभं राहून पाहून राह्यलं अन् हसून राह्यलं."

"कोण?"

तिनं भिंतीकडं तोंड केलं.

२० मार्च, रविवार

सापडलं. डॉक्टरनं पाळीपासूनचं विचारलं होतं, मी त्याच्याही मागं गेले. ४ जुलै. कोण हसलं ते तिथं लिहिलंय. गीताबाई हसली, तलाठी हसला, आणि गाय बांधायची गरज नाही हे कोण म्हणालं तेही लिहिलंय. त्याच्याखाली लिहिलंय, रात्री जेवली नाही, लाजली असेल.

मी ते पान घेऊन तिच्या खाटेपाशी गेले. मला माफी मागता येत नाही, कधी मागितली नाही, नवऱ्याची पण नाही. मी वाचून दाखवलं नुसतं. मग म्हटलं, "मी आचरट हाये. तोंडाले येईल ते बोलतो. मले हशा पायजे होता, सोयरीक पायजे होती. तुले विकलं मी त्या हशासाठी."

ती म्हणाली, "तू एकटी नव्हती हसली."

"हाव. पण माय मी एकटीच होतो."

मग ती रडली, आणि मीही. नूरबी डब्यातून ताकाची कढी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. म्हणाली, "रडा. मी कढी झाकून ठेवतो."

सुभद्रानं तीन चमचे घेतले. मी मोजले, मग डॉक्टरनं सांगितलेलं आठवलं, की मोजू नका, पाहत बसू नका, शाबास म्हणू नका, दुसरं काहीतरी बोला. मी भिंतीवरच्या पालीबद्दल बोलले. पालीबद्दल बोलायला किती असतं!

२८ मार्च

घरी आणली. डॉक्टरनं सांगितलं, घाई केली तर उलट जिवावर बेतेल. थोडं थोडं, दर दोन तासांनी, आणि दर आठवड्याला वजनाला यायचं. महिने जातील, कदाचित वर्षं. केस येतील, ऊब येईल, पाळी शेवटी येईल, आणि मनातली भीती त्याच्याही नंतर. मी म्हटलं, वर्षं? मला पंधरा मिनिटं थांबता येत नाही. ती म्हणाली, "मग आता शिका. डायरीत तुम्हीच वाचून दाखवलंत, दुसरी पास आहात ना?"

उपास सगळे बंद. महादेवाला मी जाऊन सांगून आले की नवस माझा होता, पोरीकडून वसूल करू नको. शेजारीण म्हणाली, देवाशी असं बोलू नये. मी म्हटलं, मग तुम्ही चांगलं बोला.

शिबिराचे आठ गेले. नवं कोणी येईना. क्षयाची बातमी गावभर झाली, गीताबाईची जीभ चिखलीहूनही पोहोचते. सतरा ताटं राहिलीत.

पण मला एक सुचलंय, आणि ते सुचल्यापासून मी जागेवर बसू शकत नाही!

४ एप्रिल १९६६, सोमवार

आजपासून सुरू केलं.

आमच्याकडं बाई शेवटी जेवते. माझी आई तशी जेवली, मी तशी जेवले, सुभद्रा तशी जेवते असं मी समजत होते. तीन वाजता, उभ्यानं, ज्याचं त्यानं. त्या तीन वाजण्यातच माझी पोरगी आठ महिने हरवली होती, आणि मी दारात उभी राहून ताटं मोजत होते. पंचवीसमध्ये तिचं ताट मी कधी धरलंच नव्हतं.

तर आज साडेदहाला दार लावलं. आतून कडी. पाट मांडले चार: सुभद्रा, मी, तिचा बाप, आणि नूरबी. नूरबीला मुद्दाम बोलावलं, तिच्याकडं गावाच्या गोष्टी असतात. ताटात चतकोर भाकर, मुगाचं वरण, चिमूटभर मेथी. तूप नाही. तूप ती मागेल तेव्हा.

नूरबीनं देऊळघाटच्या कोणाच्या तरी बोकडाची गोष्ट काढली, तो वरातीत घुसून नवरदेवाचा फेटा खाऊन गेला ती. सुभद्राचा बाप हसला. तो हसतो हे मला वीस वर्षांत पक्कं माहीत नव्हतं. सुभद्रा भाकरीचे तुकडे करत होती, बारीक, आणखी बारीक. एक वरणात बुडवला. ठेवला. पुन्हा उचलला.

अकरा वाजले. बाहेर माणसं जमली.

"चांगुणाबाई! दार काऊन लावलं?" शेषरावचा आवाज.

"आमचं जेवण चालू हाये."

"तुमचं? अन् आमचं?"

"आमचं झाल्यावर."

"आमी पैसे देतो, बाई! सायब तिकडं बोंबलून राह्यला!"

"मंग सायबाच्या घरी जेवा!"

बाहेर कुजबुज. मग गुरुजींचा आवाज आला, "शेषराव, बसा पायरीवर. मी पेपर वाचतो, ऐका." आणि ते खरंच मोठ्यानं वाचायला लागले, पहिल्या पानापासून, कापसाचे भाव, पाणीटंचाई, सगळं. सतरा माणसं पायरीवर, अंगणात, उन्हात. दोघं शिव्या देत गेले, ते मला ऐकू आलं. जा म्हटलं.

सुभद्राचा हात थांबला होता. कपाळावर घाम. म्हणाली, "माय, दार उघड. ते समदे माह्यापायी उपाशी बसून राह्यले."

"बसू दे. एक दिवस बसले तं मरत नाही."

"त्यांच्या भाकरी थंड होऊन राह्यल्या ना."

"होऊ दे व. नूरबी, मंग तो बोकड मेला काय?"

"मरते कशाचा! त्याच फेट्याच्या जरीनं त्याचं पोट चमकत असंल आता."

सुभद्राच्या तोंडून काहीतरी निघालं. हसू होतं की रडू, मला नाही कळलं, आणि मी पाहिलं नाही, मी भिंतीकडं पाहत होते. तिथं पाल नव्हती, तरी पाहत होते. मग मला चावण्याचा आवाज आला. हळू. थांबत. पुन्हा.

बाहेर गुरुजी चौथ्या पानावर आले होते, शेवटी सर्कशीची जाहिरातसुद्धा वाचली त्यांनी.

पावणेबाराला तिनं ताट पुढं सरकवलं. तीन तुकडे राहिले होते. बाकी नव्हते. मी शाबास म्हटलं नाही. जीभ दातांत धरली, रक्त आलं असेल. नुसती उठले, कडी काढली आणि ओरडले, "चला बे, या! किती वेळचे बसून राह्यले उन्हात, भूक नाही लागली काय?"

पंधरा ताटं लागली. त्याच्या आधी चार.